सशाची सुटका झाली, वासराची?

दिवाळी सरली की वडसा अर्थात देसाईगंजचे रूप पालटते. वैनगंगेकाठचे हे गाव एरवी धानाच्या गिरण्या, लाकूड-बांबूचा व्यवहार आणि रेल्वे स्थानक यांसाठी ओळखले जाते. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ आगगाडीचे दर्शन घडत आले ते येथेच. परंतु हंगाम सुरू होताच झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांसमोर वर्दळ वाढते. गावोगावचे आयोजक येतात, मंडईच्या आणि शंकरपटाच्या तारखा सांगतात, नाटक ठरवून परततात. मग कित्येक महिने रात्रीमागून रात्र कलावंतांचे चेहरे रंगत राहतात. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. म्हणजे चेहऱ्यावरचा रंगही तितकाच वेळ कातडीवर राहतो, प्रखर दिव्यांखाली, घामासह, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जेथे चेहरा हेच उपजीविकेचे साधन आहे, तेथे प्रसाधनांची दुकाने चालणारच. पूर्वीचा सफेदा आणि काजळ मागे पडले. आता लहान गावातील दुकानातही रंगीत डब्यांवर मोठमोठे शब्द दिसतात : ‘रीजनरेटिव्ह’, ‘स्टेम सेल’, ‘कोलाजेन’. काही डब्यांच्या कोपऱ्यात उडी मारणारा एक छोटा ससाही छापलेला असतो. हा माल प्राण्यांवर तपासलेला नाही, असे तो ससा सांगतो. आहाराच्या पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून वस्तू उचलणाऱ्या जैन गृहिणीला हा ससा आश्वासक वाटतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र त्या सशाच्या सुटकेमागे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेची एक मोठी कथा आहे, आणि त्या कथेत सशाखेरीज आणखी एक प्राणी आहे. त्याचे चित्र कोणत्याही डबीवर नसते.

प्रथम सशाविषयी. १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांनी पदार्थाची दाहकता मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. सशाच्या पाठीवरचे केस काढून उघड्या कातडीवर पदार्थ लावायचा, किंवा एका डोळ्यात त्याचा थेंब टाकायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग लाली, सूज, व्रण यांना गुण द्यायचे. सशाच्या डोळ्यात पाणी कमी येते, त्यामुळे टाकलेला पदार्थ सहज वाहून जात नाही; प्रयोगासाठी ससा सोयीचा ठरण्यामागे हे एक कारण होते. त्या मुक्या जीवाचा दुबळेपणाच उपयुक्त मानला गेला. शाम्पू, काजळ, क्रीम यांच्या सुरक्षिततेची ग्वाही पुढे अनेक दशके या रीतीवर उभी होती.

ही रीत थांबावी म्हणून जगभर चळवळी झाल्या, आणि अखेर कायदे झाले. युरोपीय संघाने २००४ मध्ये तयार प्रसाधनांची प्राण्यांवरील तपासणी बंद केली. मार्च २०१३ पासून अशा रीतीने तपासलेल्या घटकांचा मालही तेथे विकण्यास मनाई झाली. भारताने २०१४ च्या मे महिन्यात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून प्रसाधनांसाठी प्राण्यांचा वापर निषिद्ध केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून अशा मालाच्या आयातीवरही बंदी घातली. भारतातील अहिंसाप्रेमी समाजाने या निर्णयाचे जेवढे स्वागत करायला हवे होते, तेवढे ते झाले नाही. खाटीकखाने बंद ठेवण्याच्या आदेशांची चर्चा घरोघरी होते. नियमपुस्तकातील एका कलमाने असंख्य जीव वाचतात, ही गोष्ट मात्र बातमीच्या चौकटीत येऊन विरून जाते.

केवळ बंदी घालून प्रश्न सुटत नाही. नवे क्रीम कोणावर तरी तपासलेच पाहिजे. नाहीतर त्याची पहिली चाचणी ते विकत घेणाऱ्या मुलीच्या गालावर होईल. सशाची जागा घेणारे काहीतरी हवे होते, आणि ते आले एका अगदी निराळ्या वाटेने, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातून.

त्वचा ही शरीराची सर्वांत मोठी इंद्रियरचना. प्रौढ माणसात तिचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा पातळ थर, बाह्यत्वचा, मुख्यतः केराटिनोसाइट नावाच्या पेशींचा बनलेला असतो. तळाच्या ओळीत नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होऊन मरतात आणि सुमारे चार आठवड्यांत गळून पडतात. खालच्या जाड थरात, अंतस्त्वचेत, कोलाजेनचे तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात. त्वचेला लवचिकपणा व बळकटी देतो तो हा थर. वय वाढले की हे विणकाम मंदावते. सुरकुती म्हणजे या मंदावलेल्या विणकामाची खूण.

माणसाची कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये पुण्याची एक हकीकत छापली होती. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाचा साचा घेऊन, कपाळाची कातडी तेवढ्या आकारात सोडवून, खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ती हकीकत वाचून इंग्लंडचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तोच प्रयोग केला आणि युरोपात आधुनिक सुघटन शल्यक्रियेला चालना मिळाली. त्या विटावाल्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. कपाळाच्या कातडीची ही युक्ती आजही वापरली जाते. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात मोहफुले किंवा तेंदूपाने वेचताना अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस रुग्णालयात येतो, तेव्हा शल्यविशारदापुढे पुण्याचाच प्रश्न नव्याने उभा असतो.

कातडी हलवता येत होती. वाढवता येत नव्हती. ते साधले १९७५ मध्ये. अमेरिकेतील हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी मानवी केराटिनोसाइट पेशी काचेच्या बशीत टिकवून त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढ करून दाखवली. या पेशी एकट्या तग धरत नव्हत्या; त्यांना खाली उंदराच्या विशिष्ट पेशींचा थर अंथरून द्यावा लागला, तेव्हा त्या फोफावल्या. टपाल तिकिटाहून लहान तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत सबंध शरीर झाकण्याइतकी बाह्यत्वचा वाढवणे शक्य झाले. १९८३ मध्ये बॉस्टनमध्ये दोन लहान भावंडे दाखल झाली. त्यांचे ९५ टक्क्यांहून अधिक अंग भाजले होते. कातडी घ्यायला शरीरावर जागाच उरली नव्हती. त्यांच्याच उरल्यासुरल्या त्वचेपासून वाढवलेले थर त्यांच्या अंगावर बसवले गेले आणि दोघेही वाचले. पुढे २०१५ मध्ये जर्मनीत सात वर्षांच्या एका निर्वासित मुलाला असेच जीवदान मिळाले. आनुवंशिक विकाराने त्याची बहुतेक सारी बाह्यत्वचा गळून गेली होती. इटलीतील मिकेले दे लुका यांच्या चमूने त्याच्या पेशींतील दोष दुरुस्त केला, नवी त्वचा वाढवली आणि शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर ती बसवली गेली.

ऊती-अभियांत्रिकी म्हणतात ती ही. पेशी, त्यांना धरून ठेवणारी जाळी आणि वाढीला पोषक द्रव, एवढ्या सामग्रीतून शरीराबाहेर ऊती घडवायची. प्रसाधन उद्योगाने ही विद्या रुग्णालयातून उचलली. फ्रान्समधील लियाँ येथे लॉरियल कंपनीने ‘एपिस्किन’ नावाची त्वचा वाढवली. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या त्वचेतून, दात्याच्या संमतीने घेतलेल्या पेशी तीत वापरल्या जातात. नखाएवढ्या या चकत्यांवर तपासायचा पदार्थ ठरावीक मिनिटे ठेवतात, धुऊन टाकतात आणि चकती सुमारे पावणेदोन दिवस तशीच राहू देतात. मग तिच्यावर पिवळा रंगद्रव घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. मृत पेशींना ते जमत नाही. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्या, तर पदार्थ दाहक ठरतो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, २०१० मध्ये या रीतीला चाचणी क्रमांक ४३९ देऊन मान्यता दिली. सशाच्या पाठीचे काम एका चकतीने केले, आणि चकती माणसाचीच असल्यामुळे तिचे उत्तर माणसाला अधिक लागू पडते. भारतातही या दिशेने काम झाले आहे. दिल्लीच्या आयआयटीत प्राध्यापक सौरभ घोष यांच्या चमूने आयटीसी कंपनीच्या सहकार्याने त्रिमितीय छपाईने मानवी त्वचेची प्रतिकृती घडवली. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामधली नागमोडी सीमाही तीत उतरली. २०१९ मध्ये हे काम जाहीर झाले.

येथवर ही कथा निर्मळ वाटते. आता त्या पोषक द्रवाकडे वळावे लागते.

बशीतील पेशींना जगण्यासाठी साखर, क्षार, जीवनसत्त्वे लागतात. शिवाय वाढीची चेतना देणारी प्रथिनेही लागतात. ती मिळवण्याचा प्रयोगशाळांतील सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे गाईच्या गर्भातील वासराचे सीरम. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की गर्भ बाहेर काढतात, त्याच्या हृदयात सुई घालून रक्त ओढून घेतात. ते गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव गाळून, गोठवून जगभर पाठवतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय लेखातील अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ५ लाख लिटर सीरम असे गोळा होत होते आणि त्यासाठी १० लाखांहून अधिक गर्भ लागत होते. लस, औषधसंशोधन, पेशीविज्ञान अशा अनेक क्षेत्रांची ही एकत्रित गरज आहे. त्यात त्वचेचा वाटा थोडा असेल. तरीही सशाला वाचवणाऱ्या चकतीच्या वाढीत कोठेतरी हे वासरू असू शकते. खालची जाळी पुष्कळदा गुरांच्या किंवा उंदराच्या शेपटीतील कोलाजेनची असते. छपाईच्या ‘जैविक शाई’त जिलेटिन आणि रेशमातील प्रथिन यांचा वापर रूढ आहे. ग्रीन यांच्या रीतीने वाढवलेली आणि अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळालेली ‘एपिसेल’ ही त्वचा तर उंदराच्या पेशींच्या सहवासात वाढते, म्हणून तेथील प्रशासन तिला परजातीय ऊतींच्या वर्गात धरते.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे भेद फार पूर्वी केले : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे. प्रसाधनाच्या डबीपुढे उभ्या असलेल्या ग्राहकाचा प्रश्न बहुधा तिसऱ्या प्रकारचा असतो, आणि साखळी जेवढी लांब तेवढा तो अवघड होतो. भाजलेल्या मुलाचा जीव वाचवणारी त्वचा आणि गालावरची सुरकुती पुसणारी त्वचा एकाच द्रवात वाढली, तरी दोन्हींचा हेतू एकाच तराजूत घालता येणार नाही. औषधात ज्या सवलतीचा विचार विवेकी माणूस करतो, ती शृंगारासाठी मागणे कठीण आहे.

पर्याय आहेत, आणि ते केवळ कागदावर नाहीत. केराटिनोसाइट पेशींसाठी सीरमविरहित पोषकद्रव १९८० च्या दशकातच तयार झाले. रक्तपेढीतील मुदत संपलेल्या मानवी रक्तबिंबिकांपासून काढलेला अर्क वासराच्या सीरमची जागा पुष्कळ ठिकाणी घेतो. यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांकडून घडवून घेतलेले कोलाजेनही मिळते. अडचण ही की जुनी रीत बदलली की आधीचे सारे निष्कर्ष पुन्हा पडताळावे लागतात, आणि ते काम उद्योगाला नकोसे वाटते. ग्राहकाने विचारल्याखेरीज ते होण्याची शक्यता कमी. ‘प्राण्यांवर तपासले नाही’ आणि ‘प्राण्यांपासून काही घेतले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. डबीवरचा ससा बहुधा पहिलेच सांगतो. लाल रंगासाठी ‘सीआय ७५४७०’ असे छापलेले असेल, तर तो कोचिनील किडे चिरडून काढलेला कार्माइन होय. शेलॅक म्हणजे लाख, तीही किड्याचीच. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचे. घटकांची यादी बारीक अक्षरांत असते. घरातील एखाद्या शाळकरी मुलाला भिंग देऊन ती वाचायला बसवावे, त्याची करमणूकही होईल.

आता ‘रीजनरेटिव्ह’ या शब्दाकडे. डबीतील क्रीममध्ये जिवंत पेशी नसतात. खोलीच्या तापमानात महिनोन्‌महिने त्या जगूच शकत नाहीत. ‘स्टेम सेल’ असे लिहिलेल्या पुष्कळ प्रसाधनांत असतो तो वनस्पतीच्या पेशींचा अर्क. त्यांतील सर्वांत गाजलेला अर्क स्वित्झर्लंडमधील एका जुन्या, फार काळ टिकणाऱ्या सफरचंदाच्या जातीपासून २००८ मध्ये बाजारात आला. त्यात हिंसा नाही, पण सफरचंदाच्या पेशीने माणसाची त्वचा नव्याने उगवते असेही नाही. कोलाजेनची गोष्टही तशीच. त्याचा रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरण्याच्या दृष्टीने शेकडो पटींनी मोठा. तो वर बसून ओलावा धरतो, एवढेच. आणि ते कोलाजेन मासळीचे किंवा गुरांचे असण्याचा संभव मोठा.

खऱ्या अर्थाने ऊती-अभियांत्रिकीचे सौंदर्योपचार निराळेच असतात आणि ते सुईने दिले जातात. अमेरिकेत २०११ मध्ये एका उपचाराला मान्यता मिळाली. त्यात कानामागून त्वचेचे छोटे तुकडे घेऊन रुग्णाच्याच फायब्रोब्लास्ट पेशी वाढवत आणि नाकापासून ओठांपर्यंतच्या सुरकुत्यांत टोचत. पेशी स्वतःच्या, तरीही त्याच्या माहितीपत्रकात गुरांपासूनच्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्यांनी तो घेऊ नये, असा इशारा होता. वासरू तेथेही होतेच. युरोपीय संघाने तर प्रसाधनांत मानवी पेशी व ऊती वापरण्यालाच मनाई केली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींच्या ठरावीक आजारांवरील रोपणाखेरीज अन्य कोणताही मूलपेशी उपचार मान्य चिकित्सा-चाचणीबाहेर देता येत नाही. नागपूर, रायपूर किंवा मुंबईच्या झगमगत्या दालनात कोणी ‘स्टेम सेल फेशियल’ वा ‘एक्सोसोम’ टोचून तारुण्य देऊ करत असेल, तर प्रथम त्या चाचणीची नोंदणी पाहायला मागावी. लग्नसराईपूर्वी कोवळ्या मुलींना अशा सुयांची भुरळ घातली जाते, म्हणून हे थोडे कठोरपणे सांगणे भाग आहे.

या सर्व प्रकारांमध्ये एक त्वचा अशी आहे की जिला ना वासराचे सीरम लागते, ना उंदराच्या पेशी, ना ससा. ती म्हणजे मृत्यूनंतर दान केलेली त्वचा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणि नागपूरच्या ऑरेंज सिटी रुग्णालयातही अशा पेढ्या आहेत. दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर सुमारे पाच वर्षे टिकते. भाजलेल्या माणसाच्या अंगावर ती कायमची रुजत नाही. दोन-तीन आठवड्यांत गळते. मात्र त्या दोन-तीन आठवड्यांतच जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाणी उडून जाणे यांमुळे मृत्यू गाठत असतो, आणि तेवढ्या काळापुरते हे पांघरूण रुग्णाला जगवते. हिवाळ्यात शेकोटीच्या, चुलीच्या, दिव्याच्या ज्वाळेने होरपळणारी मुले-बायका झाडीपट्टीत नवी नाहीत.

नेत्रदानाची परंपरा जैन कुटुंबांत रुजलेली आहे; त्वचादान तिच्याच शेजारी बसते आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते. मांड्या, पाय आणि पाठ येथून अगदी पातळ थर घेतात. पाऊण तासाचे काम, रक्तस्राव नाही, चेहऱ्याला स्पर्श नाही, नंतर पट्टी बांधून देह घरच्यांच्या हाती दिला जातो. रक्तगट जुळवावा लागत नाही. दाता १८ वर्षांवरील असावा. मधुमेह किंवा रक्तदाब आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब वा क, त्वचेचा कर्करोग किंवा त्वचासंसर्ग असेल तर दान घेत नाहीत. वडसा ते नागपूर हा ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्त्याचा प्रवास लक्षात घेता सहा तास फारसे नाहीत. म्हणून पेढीचा दूरध्वनी क्रमांक नेत्रपेढीच्या क्रमांकाशेजारी आधीच भिंतीवर लिहून ठेवावा लागतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांशी त्याबद्दल बोलणेही त्यांच्या हयातीतच, शक्यतो सगळ्यांसमोर, होऊन जावे लागते. कारण त्या घटकेला निर्णय घेणारा मुलगा बहुधा रडत असतो आणि स्मशानाची तयारी शेजारच्यांनी सुरू केलेली असते.